थर्मोस्टॅटवरच्या दोन सह्या

ती. भाऊसाहेब यांस,

साष्टांग नमस्कार (कमरेमुळे तो मनातल्या मनात घातला आहे, तरी पूर्ण धरावा). तुमची प्रकृती कशी आहे? गुडघ्याचं तेल मागवलं होतं ते पोचलं का, आणि पोचलं असल्यास बाटलीचं बूच मूळचंच होतं की कुणी आधी उघडून पुन्हा बसवलेलं, हे उजेडात नीट पाहून घ्यावं. वहिनींचा खोकला आता गेला असेल. डॉक्टर साधा खोकला म्हणाले असतील तर दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारा, आणि पहिल्याचं मत त्यांना सांगू नका. इकडे मी ठीक आहे, म्हणजे एकट्या माणसाने जेवढं ठीक असायचं तेवढा आहे.

तुमची बहीण, म्हणजे आमची ही, तुमच्याकडे येऊन आज बारा दिवस झाले. ती कशी आहे हे मी विचारत नाही. विचारलं तर मला करमत नाही असा अर्थ ती काढील, आणि तो अर्थ तिला आयता मिळावा असं मला वाटत नाही. तसंच हे पत्र तुम्ही एकट्यानेच, दार लावून वाचावं. ही मागे उभी असेल (असणारच, चष्म्याशिवायही तिला हवं ते दिसतं) तर तिला पाणी आणायला पाठवा आणि ती येईपर्यंत पहिली दोन पानं उरकून घ्या. झालेल्या प्रकाराची एक बाजू तुम्ही ऐकली आहे. दुसरी मी लिहितो आहे, आणि ती शेवटपर्यंत माझ्या बाजूची राहील याची खात्री देता येत नाही.

आमचा हीटर तुम्ही पाहिला आहे. जिन्याखालच्या कोठीत उभा असतो, उंचीने माझ्या खांद्याइतका आणि अंगाने माझ्या दुप्पट. जळतो गॅसवर, पण हुकूम विजेचा पाळतो. बैठकीच्या भिंतीवर थर्मोस्टॅट नावाची एक चपटी डबी आहे. तिच्यावर आपण एकवीस अंश लावून ठेवायचे, की घर गार झाल्याचं ती हीटरच्या पोटातल्या सर्किट बोर्डाला कळवते. मग बोर्डाच्या सांगण्यावरून आधी एक छोटा पंखा घुरघुरतो, मग एक कांडी तापून लाल होते, मग गॅस सुटतो, ज्योत धरते आणि शेवटी मोठा पंखा घरभर ऊब सोडतो. एवढ्या जणांच्या हातून काम जायचं म्हणजे कुठेतरी पाणी मुरणार, हे मी तो बसवला त्याच दिवशी बोललो होतो. ही तेव्हा हसली होती. ते हसणंही मी लक्षात ठेवलं आहे.

तर यंदा कडाक्याची थंडी पडली आणि रोज सकाळी सातच्या सुमारास एक प्रकार सुरू झाला. छोटा पंखा घुरघुरायचा आणि थांबायचा. पुन्हा घुरघुरायचा, पुन्हा थांबायचा. ज्योत काही धरायची नाही. घर आपलं उतरत चाललेलं, एकोणीस, अठरा, सतरा, आणि मी दोन स्वेटर चढवून त्या डबीसमोर उभा. बरं, हा मोडला म्हणावं तर दुपारी एक वाजला की काही झालंच नाही अशा थाटात पेटायचा आणि रात्रभर गुणी बाळासारखा चालायचा. भाऊसाहेब, परीक्षा विभागात बत्तीस वर्षं पर्यवेक्षक म्हणून काढलेल्या माणसाला हे लक्षण नवं नाही. मी हॉलच्या मागच्या भिंतीशी उभा राहून नुसत्या मानेवरून सांगायचो कोण शेजाऱ्याचं बघून लिहितो आहे (एकदाच चुकलो, त्या मुलाची मान जन्मापासूनच तशी होती). तेव्हा जो ठराविक वेळी चुकतो आणि ठराविक वेळी साळसूद होतो, त्याच्यामागे कुणीतरी आहे, हे मी पहिल्याच आठवड्यात ताडलं.

आधी चौकशी हीटरचीच केली. त्याच्या पुढच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक तक्ता चिकटवलेला आहे. बोर्डावर एक बारीक दिवा असतो, तो दोनदा लुकलुकला तर अमुक बिघाड, तीनदा लुकलुकला तर तमुक, असं त्यात सविस्तर दिलं आहे. पण झाकण काढलं रे काढलं की तो दिवाच विझतो! पुन्हा लावलं की हीटर झालं गेलं विसरून पहिल्यापासून सुरुवात करतो. म्हणजे उत्तरसूची झाकणाच्या आत, आणि झाकण उघडलं की परीक्षार्थी बेशुद्ध. असली व्यवस्था सरळ मनाचा माणूस करील का? मी ते झाकण दिवसातून आठ-दहा वेळा काढून पाहिलं. झटक्यात काढलं, सावकाश काढलं, एकदा तर दुसरीकडे बघत बघत एकाच बाजूने उचललं, त्याला कळू नये म्हणून. दर वेळी काळोख. बाहेरून तर तो दिवा दिसण्याची सोयच नाही (हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे ते माझ्यावरच उलटलं आहे). शेवटी हात टेकले आणि हीटर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकबाईंना बोलावलं.

बाई पन्नाशीच्या, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, बोलणं मोजकं. आल्या दुपारी तीन वाजता. त्यांनी डबीवरचा आकडा वाढवला मात्र, हा पठ्ठ्या एका दमात पेटला! इतका छान पेटला की मला माझीच लाज वाटली. बाईंनी त्यांच्या कागदावर 'सर्व ठीक' लिहिलं आणि माझी सही घेतली. मी चहा विचारला तर नको म्हणाल्या. चहा नको म्हणणारा कारागीर मी आजवर पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांचंही नाव मी मनात टिपून ठेवलं. पण सकाळी सात वाजता त्या आमच्या घरात नसतात, हे मान्य करणं भाग होतं. सात वाजता घरात दोनच माणसं असतात आणि त्यांतला एक मी.

आता हिच्याविरुद्ध काय होतं ते ऐका, आणि तुमच्या सख्ख्या बहिणीचा विषय आहे हे घटकाभर विसरून ऐका. एक तर तिला घरात सदा कोंदटतं. मी एकवीस म्हणतो, ती एकोणीस म्हणते, आणि माझी पाठ वळली की स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडी सापडते. जिला खिडकी उघडता येते तिला डबीवरचं बटणही दाबता येतं. त्यातच माझा मोजा गेला. राखाडी लोकरीचा, वर लाल पट्टी, डाव्या पायाचा. गेल्या हिवाळ्यात तिनेच विणला होता, बोटांचे सांधे धरले होते तरी बसून विणला होता. तो थंडी पडायच्या आधीपासून बेपत्ता आहे. विचारलं तर म्हणते, तुम्हीच कुठेतरी ठेवला असेल. भाऊसाहेब, ज्याने बत्तीस वर्षांत एक उत्तरपत्रिका इकडची तिकडे होऊ दिली नाही, तो स्वतःचा मोजा हरवील? (तेव्हापासून उजवा मोजा मी निषेध म्हणून एकटाच घालतो. डावा पाय गारठतो, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.)

मग मी माझ्या खात्याच्या रीतीने गेलो. प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याला सील कसं लावतात हे तुम्हांला मी एका लग्नाच्या पंक्तीत समजावून सांगितलं होतं, तुम्ही तेव्हा जेवत होतात. डबीच्या बटणांवरून कागदाची पट्टी, पट्टीवर अशी सही की अर्धी कागदावर यावी आणि अर्धी भिंतीवर, खाली तारीख आणि वेळ, वरून पारदर्शक चिकटपट्टी. आणि मुख्य म्हणजे सील लावताना दुसऱ्या माणसाची साक्षीची सही, आणि फोडताना पुन्हा दोघेही हजर. त्याशिवाय ते सील नव्हे, नुसता कागद. आता आमच्या घरात दुसरं माणूस एकच. संध्याकाळची वेळ होती, ही भांडी विसळून हात पुसत बाहेर आली, आणि मी तिला म्हणालो, इथे सही कर.

तिने डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेन मागितलं. पूर्ण नावाने सही केली. खाली वेळही घातली, सहा वाजून दहा मिनिटं (माझ्या घड्याळात बारा झाली होती, पण मी विषय वाढवला नाही). मग म्हणाली, "झाली सही. आता पेपर तुम्ही एकट्यानेच सोडवा." दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग घेऊन तुमच्याकडे निघाली. बॅग पाच मिनिटांत भरून झाली, तेव्हा ती आधीच भरलेली असावी असा मला संशय आला, आणि काय सांगू तुम्हांला, तो मी तिला दारात बोलूनही दाखवला.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी डबीसमोर खुर्ची टाकून बसलो. सील शाबूत, दोन्ही सह्या जागच्या जागी, आणि जिन्याखाली छोटा पंखा घुरघुरून थांबला. घर सोळावर आलं. आधी मला वाटलं, तिने जाण्यापूर्वी वाफ देऊन पट्टी उचलली आणि परत चिकटवली. मुलं गठ्ठ्यांना असं करू पाहतात. भिंग घेऊन पट्टी तपासली, एक सुरकुती नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या मनात आलं की ती तिकडे बसून फोनवरून तर काही करत नसेल. (त्या दिवशी सात वाजता ती तुमच्याकडे कुठल्या खोलीत होती, हे विचारायला मी तुमचा नंबर अर्धा फिरवला होता. उरलेला अर्धा फिरवला नाही हे माझं नशीब.) पाचव्या दिवशी मी तिला पुराव्याअभावी सोडून दिलं. निर्दोष मात्र म्हटलं नाही, नुसता संशयाचा फायदा दिला. तोवर सकाळच्या चहाचे दोन कप काढून एक परत ठेवायचं माझं तीनदा झालं होतं. घरात कुणी कोंदटतंय म्हणत नव्हतं, खिडकी मी लावलेली तशीच लागलेली होती, आणि ते मला मुळीच आवडत नव्हतं. हे उगाच आडवळणाने कशाला लिहू, वाईट वाटत होतं.

मेकॅनिकबाई पुन्हा दुपारच्या आल्या. हीटर पुन्हा पेटला. दोघांचं संगनमत आहे असं मी त्यांना म्हणालो नाही, पण कोठीच्या दारात हाताची घडी घालून असा उभा राहिलो की त्यांना कळावं. त्या जायला निघाल्यावर मी अट घातली की आता याल तर सकाळी सात वाजता या, याची चोरी चालू असताना. काल त्या आल्या, बरोबर सातला, बाहेर गवत पांढरं पडलेलं होतं. छोटा पंखा घुरघुरत होता, थांबत होता. मी सवयीने झाकण काढायला पुढे झालो, तर बाई म्हणाल्या, "काका, थांबा जरा. हा कागद कुणी लावला?"

झाकणाच्या मधोमध मी फार पूर्वी एक सूचना चिकटवली होती, 'हात लावू नये'. बाईंनी ती नखाने सोलून काढली. खाली नाण्याएवढी गोल काच निघाली आणि काचेमागे तो दिवा. लुकलुक, लुकलुक, लुकलुक, मग जरा थांबला, पुन्हा तीनदा. बाई म्हणाल्या, "झाकण काढायचं नसतं, इथून बघायचं असतं. काढलं की आतली वीज तुटते आणि याला काय सांगायचंय ते पुसलं जातं." तीनदा म्हणजे हवा मिळत नाही. त्या छोट्या पंख्याने बाहेरून हवा ओढायची असते. ओढली गेली की एका बारीक नळीवाटे बोर्डाला कळतं, आणि मगच बोर्ड गॅस सोडतो. हवा नाही तर गॅस नाही, नाहीतर घरातल्या माणसांचं बरंवाईट व्हायचं. म्हणजे ज्याला मी चोर समजत होतो तो बोर्ड रोज सकाळी आम्हां दोघांचा जीव सांभाळत होता, आणि काय होतंय तेही तीन-तीनदा सांगत होता. मी त्याच्या तोंडावर कागद चिकटवला होता.

बाईंनी नळी काढून फुंकून पाहिली, वायरी तपासल्या, सगळं चोख. म्हणाल्या, हवा येते कुठून ते दाखवा. आम्ही घरामागे गेलो. तिथे झुडपाच्या आड भिंतीतून दोन पांढरे पाइप बाहेर येतात, एकाने हवा आत जाते आणि दुसऱ्याने जळल्यावरची वाफ बाहेर पडते. हवेच्या पाइपाच्या तोंडावर काहीतरी करड्या रंगाचं घट्ट बसलेलं होतं. मी लगेच म्हणालो, हे शेजारच्या दंतवैद्यांच्या मांजराचं काम, मला पहिल्यापासून शंका होती. बाईंनी ते ओढलं. ते लाकडासारखं कडक झालं होतं, बर्फाने. राखाडी लोकर, वर लाल पट्टी.

ते पाइपाला सुतळीने बांधलेलं होतं आणि सुतळीच्या गाठीवर कागदाची पट्टी होती, पाणी लागू नये म्हणून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावलेली. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. तारीख वाचली, थंडी सुरू होण्याच्या महिनाभर आधीची. मग पट्टी माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "सही कुणाची आहे, काका? ओळखीची वाटते का?"

(हे पाचवं पान आहे.) भाऊसाहेब, सही माझी होती. अर्धी कागदावर, अर्धी पाइपावर, नियमाप्रमाणे. त्या क्षणी मला सगळं आठवलं. दंतवैद्यांचं मांजर लागोपाठ तीन दिवस त्या पाइपासमोर बसून आत बघत होतं, आणि ते आत शिरणार असा मला दाट संशय आला होता. पाइप माझ्या मुठीएवढा आहे. बाईंनी विचारलं, एवढ्याशा भोकात मांजर जाईल कसं? मी म्हणालो, जाणार नाही, पण त्याची नियत चांगली नव्हती. त्या दिवशी हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून पायातला मोजा काढून बांधला. मोजा कोरडा असला की थोडीफार हवा आत जायची. शेजारच्या पाइपाची वाफ त्यावर बसून रात्रभरात तो गोठला की सकाळी कोंडायचा. दुपारी त्या भिंतीवर ऊन आलं की सुटायचा. सील लावल्याची नोंद करायची राहिली आणि मी विसरलो. बत्तीस वर्षांत असं एकदाही झालं नाही असं मी आजवर सांगत आलो, पण आता ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्या वाकड्या मानेच्या मुलाचा चेहरा काल दिवसभर डोळ्यांपुढे होता. त्यालाही मी उभं केलं होतं, सगळ्यांसमोर. हिला मी तसंच उभं केलं, हातात पेन देऊन, तिच्याच घरात. तिने मोजा हरवला नव्हता, डबीला हात लावला नव्हता, आणि बॅगही आधी भरलेली नव्हती, ती कामाला झपाट्याची आहे. माझं चुकलं. हे दोन शब्द लिहायला तीन कागद फाडले, चौथ्यावर जमले.

हीटर लगेच पेटला. या वेळी बाईंनी चहा घेतला. कप हातात घेऊन त्या डबीसमोर उभ्या राहिल्या आणि दुसरी सही कुणाची म्हणून विचारलं. मी सांगितलं, सगळंच सांगितलं. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाल्या, "मी असते तर पेनही घेऊन गेले असते."

असो. पत्र लांबलं. तुम्ही गुडघ्याला जपा, वहिनींना नमस्कार सांगा, आणि बुचाचं तेवढं पाहाच.

तुमचा मेहुणा
(संशयित क्रमांक एक)

ता. क. एक काम होतं, ते राहूनच गेलं. डबीवरचं सील अजून तसंच आहे. नियमाप्रमाणे ते दोघांच्या समक्ष फुटायला हवं, मला एकट्याला ते तोडता येत नाही. आकडा एकवीसवर अडकला आहे, हीटर आता मोकळा श्वास घेऊन जोरात चालतो आहे, आणि घरात कोंदटतं आहे. होय, कोंदटतं आहे, मी माझ्या हाताने लिहितो आहे. स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडून बसलो आहे. तरी दुसऱ्या सहीवालीला तिच्या सोयीच्या गाडीने पाठवावं. स्टेशनवर मी येईन. गाडी किती वाजता पोचते हे तिला विचारावं, आणि ती सांगेल ती वेळ खरी धरावी. माझं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे, काल लावून पाहिलं.

ता. क. दुसरं. मोजा वाळवला. आखडून पोराच्या मापाचा झाला आहे, पायात जात नाही. तरी उजव्याच्या शेजारी घडी करून ठेवला आहे. ती मागे उभी असेल तर तिला पाणी आणायला पाठवू नका.

ता. क. शेवटचं. या पाकिटाला मी सील लावलेलं नाही, नुसतं चिकटवलं आहे. पानं मात्र एकूण सात आहेत, ती मोजून घ्यावीत. सहा भरली तर टपालवाल्याला बोलू नका आणि घरात शोधाशोधही करू नका. पाचवं तिने काढून घेतलं असेल. ते तिच्यासाठीच लिहिलं होतं.